अंगण नसलेली अंगणवाडी

'अंगणवाडी' हा शब्द आता इतका सरकारी झाला आहे की तो कधी काळी कुणी तरी घडवला असेल, असं वाटतच नाही. तामिळनाडूपासून आसामपर्यंत तो चालतो. संसदेत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतही तो असतो. मराठीने देशाच्या कारभाराला जे थोडे शब्द दिले त्यातला हा एक. तो बोर्डीचा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. गावातली बालवाडी भरू लागली, पण दलित वस्तीतली, त्या काळच्या भाषेत हरिजनवाड्यातली, मुलं काही तिथे येईनात. बोलावणं पाठवून, समजावून झालं, तरी येईनात. तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच उचलून त्या वस्तीत नेली. तिथे इमारत नव्हती, अंगण होतं. म्हणून ती अंगणवाडी.

या शब्दाचं पुढे काय झालं, हा या लेखाचा विषय आहे. १९७५ मध्ये तो धारावीत आला आणि धारावीत अंगण नव्हतं. माझ्या मते या योजनेच्या शहरातल्या पन्नास वर्षांच्या खटपटीचं मूळ इथे आहे. अंगण म्हणजे नुसती जागा नव्हे. आई घरात काम करत असताना मूल जिथे तिच्या नजरेच्या टप्प्यात असतं ते अंगण. ताराबाईंनी तिथे बसून जे काम केलं त्यात शिकवणं होतं, आंघोळ घालणं होतं, खाऊ होता आणि या सगळ्याच्या बुडाशी सांभाळणं होतं. सरकारी योजनेने शिकवणं घेतलं, खाऊ घेतला, लसी आणि वजनकाटाही घेतला. सांभाळणं मात्र तिच्या हातून सुटलं.

ते सुटावं असं ताराबाईंच्या कामात काही नव्हतं. संस्था १९५७ मध्ये बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेली. तिथे वारली मुलांमध्ये काम करताना 'विकासवाडी' आकाराला आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एका आवारात. या रचनेकडे शिक्षणशास्त्रातला प्रयोग म्हणून पाहिलं जातं, आणि तो होताही. पण तिच्यामागचा व्यवहार फार साधा आहे. आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर एक वर्षाचा भाऊ असतो. त्या भावाची सोय झाली तरच ती मुलगी शाळेत बसेल. मुलं गुरं घेऊन रानात जातात, तर शाळा कुरणावर न्यावी, म्हणून 'कुरणशाळा' निघाली. ती याच बुद्धीतून आली. आधी माणसाचा दिवस कसा जातो ते पाहायचं आणि मग शाळेचं वेळापत्रक करायचं.

शहरात गरीब बाईचा दिवस कसा जातो, याचे मुंबईतले पुरावे त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. मुंबई सरकारने १९२० नंतरच्या काळात डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरकडून गिरणीतल्या बायकांच्या स्थितीची पाहणी करून घेतली. तिचा तपशील 'लेबर गॅझेट'मध्ये आला. जुन्या अंकांची ती पानं वाचताना मन सुन्न होतं. कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफू देत. त्या गोळीचं नाव बाळगोळी. आई पाळीवर असेपर्यंत मूल झोपून राहावं, रडू नये, भुकेने जागं होऊ नये, एवढ्यासाठी. गिरणी कामगार बायकांच्या मुलांपैकी जवळजवळ सगळ्यांना ती दिली जाई, असं तो अहवाल सांगतो. त्या आया अडाणी किंवा निर्दय होत्या, असं त्यात मला कुठे दिसत नाही. मला दिसतो तो तासांचा हिशेब. दहा तासांची पाळी, दूध पाजायला सुट्टी नाही, घरी मोठं माणूस नाही. या हिशेबात अफू बसत होती.

पुढे कायदे आले. प्रसूतिलाभाच्या विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५० हून जास्त बायका असलेल्या कारखान्याला पाळणाघर बंधनकारक केलं. १९७६ मध्ये हा आकडा ३० वर आला. पण तोवर गिरण्यांतून बायकाच कमी होत गेल्या होत्या. रात्रपाळीची बंदी आणि यंत्रांची फेररचना यांचा त्यात वाटा होता. बाळंतपण आणि पाळणाघर यांचा खर्च नको, हेही एक कारण अभ्यासक देतात. गिरणीतून बाहेर पडलेली बाई घरी बसली नाही. तिने धुणीभांडी धरली, पापड लाटले, चामड्याचे तुकडे कापले, भंगार निवडलं, बांधकामावर विटा वाहिल्या. या कामांना कारखाने कायदा लागू नाही. म्हणजे कायदा ज्या बाईसाठी केला ती कायद्याच्या बाहेर जाऊन राहिली. ती राहायला जिथे गेली, त्यातली एक मोठी वस्ती म्हणजे धारावी.

बांधकामावरच्या बाईची दखल एका संस्थेने घेतली. दिल्लीत १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम राजघाटापाशी चाललं होतं. तिथे मजुरांची मुलं धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर सुरू केलं. हीच 'मोबाइल क्रेशेस' संस्था, १९७२ पासून मुंबईत आली. इमारत पुरी झाली की पाळणाघर पुढच्या इमारतीकडे. वेळ मजुराच्या दिवसाइतकी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. जेवण एकदा नाही, दिवसातून अनेकदा. कारण दिवसभर सांभाळायचं म्हटलं की खायला घालणं त्यात आपोआप येतंच. खायला घालणं म्हटलं की सांभाळणं मात्र आपोआप येत नाही. एका वाटीसाठी अर्धा तास पुरतो.

सरकारने वाटीपासून सुरुवात केली. १९७०-७१ मध्ये विशेष पोषण कार्यक्रम निघाला, तो आदिवासी भागांसाठी आणि शहरांतल्या झोपडपट्ट्यांसाठी. सहा वर्षांखालच्या मुलाला दिवसाला सुमारे ३०० उष्मांक, वर्षातून ३०० दिवस. त्याच सुमाराला महाराष्ट्रात दुष्काळ पडला. १९७२ ची सुकडी आणि मिलो या पिढीच्या तोंडी अजून आहे. मराठवाड्यातून, सोलापूर-साताऱ्याकडून जी कुटुंबं त्या वर्षांत मुंबईत आली, त्यांची सरकारी अन्नाशी ओळख अशी दुष्काळी कामावरच झालेली होती. तिकडे नुसतं अन्नवाटप पुरेसं नाही, हे दिल्लीतही कळू लागलं होतं. मीना स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने १९७२ मध्ये आरोग्य, आहार आणि शिक्षण एकत्र द्यावं, असं सांगितलं. १९७४ मध्ये राष्ट्रीय बालधोरण आलं आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पहिले प्रकल्प देशभरात ३३, त्यातले शहरी फक्त ४. महाराष्ट्राच्या वाट्याला आले ते मेळघाटातलं धारणी आणि मुंबईतली धारावी. आदिवासी उपासमार आणि शहरी उपासमार, दोन्हींचे नमुने राज्याने पहिल्याच दिवशी हजर केले होते.

तारीख गांधीजयंतीची असली तरी काळ आणीबाणीचा होता, हे विसरून चालणार नाही. धारावीत बालवाडीच्या खोल्या शोधल्या जात होत्या त्याच हिवाळ्यात, जानेवारी १९७६ मध्ये, राज्य सरकारने मुंबईतल्या झोपड्यांची शिरगणती केली आणि नोंद झालेल्यांना ओळखपत्रं दिली. मे १९७६ मध्ये मानखुर्दची जनता कॉलनी पाडली. सुमारे ७०,००० माणसांना तिथून उठवून चीता कॅम्पच्या दलदलीत नेऊन बसवलं. एक खातं मुलांचं वजन करत होतं, दुसरं त्यांची घरं मोजत होतं, तिसरं घरं पाडत होतं. यात ढोंग होतं असं मी म्हणणार नाही. राज्यव्यवस्थेचे हात एकमेकांना ओळखत नाहीत, एवढंच. पण ज्या बाईला हे तिन्ही हात वर्षभरात दिसले, तिने नाव आणि पत्ता विचारणाऱ्या अंगणवाडी सेविकेकडे संशयाने पाहिलं असेल, तर त्यात नवल ते काय?

योजना कागदावर उत्तम होती. साधारण हजार लोकवस्तीला एक अंगणवाडी, एक सेविका, एक मदतनीस. शक्यतो त्याच वस्तीतल्या. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, आयांचं आहार-आरोग्य शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा. 'पूरक' हा शब्द इथे नीट वाचायला हवा. घरी दोन वेळचं जेवण आहे, त्यात जे कमी पडतं ते आम्ही भरू, असं गृहीत. धारावीत घरी काय होतं? आई पहाटे कामाला निघते. मुलाला चहाबरोबर खारी किंवा बटर मिळतं, नाहीतर हातावर पाच रुपये ठेवले जातात आणि त्याचं पाकीट येतं. पोट भरतं, मूल रडत नाही. संध्याकाळी आई आली की भात. हे सगळं अन्नाच्या टंचाईपेक्षा वेळेच्या टंचाईचं लक्षण आहे. गल्लीत अन्न सगळीकडे आहे. ते शिजवून, कुस्करून, घास-घास भरवायला माणूस नाही.

अंगणवाडी भरते ती चारेक तास. साडेनऊ-दहाला सुरू झालेली अंगणवाडी दुपारी सुटते. आई पाच-सहाला येते. मधल्या वेळात मूल शेजारच्या आजीकडे, पैसे देऊन किंवा न देता. नाहीतर मोठ्या बहिणीकडे, जी त्यासाठी शाळा बुडवते. कोसबाडला जी मुलगी कडेवर भाऊ घेऊन उभी होती, तीच ही. तिची सोय करणारी पाळणाघराची बाजू राष्ट्रीय योजनेत आलीच नाही. ती वेगळ्या, तुटपुंज्या योजनेत गेली आणि तिथेच राहिली. २००६ मध्ये राजीव गांधींच्या नावाची, २०१७ मध्ये राष्ट्रीय पाळणाघर योजना, २०२२ मध्ये 'पालना'. नावं बदलत गेली. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना अधूनमधून कागदावर येते, तेव्हा मला वाटतं की साठ-पासष्ट वर्षांनी दिल्ली कोसबाडच्या पायथ्याशी पोचली.

जागेचं दुखणं तर पहिल्या दिवसापासूनचं. गावात ग्रामपंचायत जमीन देते, अंगणवाडीची इमारत बांधते. धारावीत जमीनच नाही. म्हणून भाड्याची खोली. मी पाहिलेल्या खोल्या कमीअधिक दहा फूट बाय बारा फूट, वर माळा, एक खिडकी असली तर असली. काही मंडळाच्या कार्यालयात, काही समाजमंदिरात. केंद्राच्या निकषात महानगरातल्या खोलीसाठी दरमहा भाड्याची मर्यादा लिहिलेली आहे. धारावीत त्या पैशांत खोली शोधून पाहावी. मग घरमालकाने दुसरा भाडेकरू पाहिला की अंगणवाडी दोन गल्ल्या पलीकडे जाते. तीन वर्षांच्या मुलासाठी दोन गल्ल्या म्हणजे परगाव. मधला रस्ता टेम्पोचा असतो, गटार उघडं असतं, आणि आई सोडायला घरी नसते. पटावरची मुलं गळतात ती अशी. अहवालात याला 'लाभार्थ्यांची अनास्था' म्हणण्याची पद्धत आहे.

भाषेबद्दलही एक सांगायला हवं. धारावीत तिरुनेलवेलीकडून आलेले तमिळ आहेत, कुंभारवाड्यात गुजराती आहेत, उत्तरेकडून आलेले मुसलमान कारागीर आहेत, मूळचे कोळी आहेत, आणि मराठवाड्याचे आपले लोक आहेत. सेविकेची नोंदवही मराठीत. खोलीतली बोली मात्र गल्लीनुसार बदलते. अनेक सेविका तीन भाषांत मुलाला 'तोंड उघड' म्हणू शकतात. हे कसब कोणत्याही प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत नाही आणि मानधनाच्या कुठल्याही रकान्यात बसत नाही.

मानधन हा शब्द आपण फार सहज वापरतो. १९७५ मध्ये मॅट्रिक न झालेल्या सेविकेला महिना १०० रुपये, मॅट्रिक झालेलीला १५०, मदतनिसाला ३५. पगार दिला असता तर कामाचे तास, रजा, निवृत्ती हे सगळं ओघाने आलं असतं. मानधन म्हटलं की ती समाजसेविका झाली. ताराबाई आणि अनुताईंचा त्याग आदर्श म्हणून पुढे ठेवला गेला आणि त्याच्या सावलीत लाखो बायकांना स्वस्तात राबवता आलं. त्या दोघींचा यात काही दोष नाही. पण 'सेविका' या नावाची किंमत कुणी चुकवली ते लिहून ठेवायला हवं. २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांचा मोठा संप झाला, पुढच्या मार्चमध्ये सरकारने त्यांना मेस्मा लावला आणि गदारोळ झाल्यावर स्थगित केला. अत्यावश्यक सेवेचा कायदा लावायचा म्हणजे सेवा अत्यावश्यक आहे हे सरकारनेच मान्य करायचं. पण मग पगार? ४ डिसेंबर २०२३ ला पुन्हा संप सुरू झाला, तो पन्नासहून अधिक दिवस चालला. मधे एप्रिल २०२२ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. 'मानधन' या शब्दाला न्यायालयात पडलेलं हे मोठं भगदाड.

आता अन्नाकडे येते. मुंबईत सेविका बहुधा स्वतः शिजवत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत गॅस आणि मुलं एकत्र ठेवणं शक्यही नाही. महिला मंडळं आणि बचत गट डबे पोचवतात. खिचडी, लापशी, उसळ. हा आहार न्यायालयामुळे टिकला. पीयूसीएलने २००१ मध्ये दाखल केलेल्या अन्नहक्काच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या २८ नोव्हेंबरला अंगणवाडीचा आहार हा हक्क ठरवला. २००४ मध्ये सांगितलं की यात कंत्राटदार नकोत, गावातली महिला मंडळं आणि बचत गट यांना काम द्या. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने वस्तीने मागणी केली की अंगणवाडी देणं बंधनकारक झालं. झोपडपट्ट्यांसाठी हा आदेश फार मोलाचा होता, कारण शहरांत सगळ्यात जास्त गाळलेल्या वस्त्या अनधिकृत होत्या. २००९ मध्ये प्रमाण वाढून दिवसाला ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं झालं. तेव्हा त्यासाठी मुलामागे दर होता दिवसाला ४ रुपये. २०१२ मध्ये ६, २०१७ मध्ये ८. त्या ८ रुपयांत बचत गटाच्या बाईचा गॅस, मसाला, डब्याची ने-आण आणि मजुरीही निघावी अशी अपेक्षा.

तीन वर्षांखालच्या मुलांची गोष्ट याहून वाईट आहे, आणि कुपोषणाचं खरं वय तेच. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू होतं तिथपासून दोन वर्षांपर्यंत जी वाढ खुंटते, ती पुढे खिचडीने भरून निघत नाही. ही मुलं अंगणवाडीत बसत नाहीत. त्यांच्यासाठी घरपोच आहार, म्हणजे शिरा, उपमा, सुकडी यांच्या पिठांची पाकिटं. एक हजार उष्मांकांचं पाकीट असलं तरी ते शिजवायला आई घरी हवी. प्रश्न तासांचा होता, उत्तर पाकिटाचं आलं. आणि पाकीट आलं की कारखाना येतो, कारखान्यामागून कंत्राटदार. न्यायालयाच्या आयुक्तांच्या कार्यालयाने २०१२ मध्ये महाराष्ट्रातल्या या पुरवठ्याबद्दल गंभीर आक्षेप नोंदवले. महिला संस्थांच्या पाट्यांमागे खासगी उत्पादक असल्याचे. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या निविदेतल्या अटी बचत गटांना बाहेर ठेवणाऱ्या ठरवून नव्याने निविदा काढायला लावली. सुकडीचा प्रवास असा: दुष्काळी कामावरची कढई ते निविदेतलं कलम.

धारावीच्या शेजारी, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, त्यांनी 'स्नेहा' ही संस्था काढली आणि काम वस्तीत नेलं. नवजात अर्भक रुग्णालयात वाचतं आणि घरी जाऊन पुन्हा खंगतं, हे ज्या डॉक्टरने वॉर्डात वर्षानुवर्षं पाहिलं, तिने वॉर्डाबाहेर पडणं हे मला बोर्डीच्या पावलासारखंच वाटतं. येत नाहीत त्यांच्याकडे जायचं. फरक इतकाच की इथे जाऊन बसायला अंगण नव्हतं. उंबऱ्यावर बसावं लागलं.

आज धारावीचा पुनर्विकास चालू आहे, म्हणून जागेचा प्रश्न पुन्हा आला आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या जुन्या नियमावलीत एक तरतूद होती. दर १०० झोपडीधारक कुटुंबांमागे एक बालवाडी, २०.९० चौरस मीटरची. म्हणजे २२५ चौरस फूट, आजच्या भाड्याच्या खोलीच्या जवळजवळ दुप्पट. या नियमामागे कुणी तरी विचार केला होता. मुंबईतल्या ज्या पुनर्वसन इमारती मी हिंडून पाहिल्या, त्यांतल्या काहींत या खोलीवर 'बालवाडी' अशी पाटी आहे आणि आत सोसायटीच्या खुर्च्या, गणपतीची मखर आणि कुलूप. बिल्डरने खोली दिली, नकाशा मंजूर झाला. खोली बालविकास खात्याच्या ताब्यात कुणी, कधी द्यायची, याची जबाबदारी मात्र कुणाच्या गळ्यात नाही. अंगणवाडी भाडेकरू असते. पुनर्वसनाच्या यादीत नाव लागतं ते झोपडीधारकाचं. म्हणजे जिने त्या गल्लीतल्या प्रत्येक मुलाचं वजन वर्षानुवर्षं लिहून ठेवलं, तिच्या अंगणवाडीचा पत्ता सर्वेक्षणात कुणाच्या तरी खोलीचा पत्ता म्हणून नोंदला जातो. ती खोली रिकामी झाली की पटावरची मुलं कुठल्या इमारतीत, कुठल्या मजल्यावर, कुठल्या उपनगरात गेली, हे त्या नोंदवहीवरून शोधता येईल. नोंदवही कुणी मागितली तर.